उद्याचा भ्रमणध्वनी : टोकियो ते ऑकलंड

(द्वितीय वर्ष, कला)

आजचे युग हे दळणवळणाचे युग आहे, असे आपण प्रत्येक वक्तृत्वस्पर्धेत ऐकतो. हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की त्याचा नेमका अर्थ काय, असे कोणी विचारीत नाही. मलाही तो प्रश्न पडला नसता. पडला तो माझ्या आजीमुळे. आजीजवळ बटणांचा साधा फोन आहे. हिरवे बटण दाबले की बोलायचे, तांबडे दाबले की ठेवायचे, एवढेच तिचे शास्त्र. मागील वर्षी गावातल्या दुकानदाराने तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "आजी, हा आता फार दिवसांचा सोबती नाही. पुढेमागे ह्याचे नेटवर्कच बंद होणार." घरी आल्यावर आजीने मला विचारले, "फोन बिघडला नाही, पडला नाही, मग बंद कसा पडंल गं?"

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे असल्या सर्व प्रश्नांची उत्तरे मला ठाऊक असणारच, असा घरच्यांचा समज आहे! उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून वाचू लागले. वाचता वाचता लक्षात आले की आजीचा प्रश्न जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत यापूर्वीच विचारला गेला आहे. आशिया आणि प्रशांत महासागराच्या पट्ट्यातले हे प्रगत देश भ्रमणध्वनीच्या बाबतीत आपल्यापुढे काही वर्षे चालतात. तिकडे आज जे घडते ते पाहिले, तर उद्याची थोडीफार कल्पना येते.

प्रथम नेटवर्क बंद का करावे लागते ते पाहू. भ्रमणध्वनीचे बोलणे रेडिओलहरींवरून जाते. या लहरींचे पट्टे मोजकेच असतात आणि सरकार ते कंपन्यांना वाटून देते. पट्टा म्हणजे जणू शेतीचा तुकडा. नवी जमीन निर्माण करता येत नाही. शेतात उसाचा खोडवा उभा असताना तेथे दुसरे पीक घेता येत नाही, त्याचप्रमाणे जुन्या पिढीची सेवा ज्या पट्ट्यावर चालते तो मोकळा केल्याशिवाय नवी सेवा तेथे पेरता येत नाही. शिवाय जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळेनासे होतात, दोन-तीन पिढ्यांची यंत्रे एकाच वेळी चालवायची तर विजेचा आणि माणसांचा खर्च वाढतो. म्हणून कंपन्या जुने बंद करतात. सिंगापूरने टू-जी १ एप्रिल २०१७ पासून बंद केले आणि ३१ जुलै २०२४ नंतर थ्री-जीचाही निरोप घेतला. जपानमध्ये केडीडीआय या कंपनीने मार्च २०२२ अखेर थ्री-जी थांबविले. सॉफ्टबँकेने २०२४ च्या आरंभी तेच काम हाती घेतले. पण १ जानेवारी रोजी नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला, तेव्हा इशिकावा प्रांतापुरती जुनी सेवा आणखी काही महिने चालू ठेवण्यात आली. मला या गोष्टीचे फार बरे वाटले. संकटाच्या वेळी माणूस हातात असेल तोच फोन उचलतो.

ऑस्ट्रेलियाची हकीकत मात्र अधिक गुंतागुंतीची आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या तेथील दोन मोठ्या कंपन्यांनी थ्री-जी बंद करण्याचा दिवस पुढे ढकलत ढकलत अखेर २८ ऑक्टोबर २०२४ हा ठरविला. पुढे ढकलण्याचे कारण असे की, काही फोन दिसायला फोर-जीचे होते, इंटरनेटही त्यांवर फोर-जीनेच चाले; परंतु बोलण्यासाठी ते गुपचूप थ्री-जीवर उतरत. फोर-जीवर बोलणे हेही माहितीच्या तुकड्यांतूनच न्यावे लागते आणि तशी सोय फोनमध्ये असावी लागते. त्याहून कठीण प्रकार म्हणजे, काही फोनांवर रोजचे बोलणे फोर-जीवरून होई. मात्र तातडीच्या मदतीचा 'ट्रिपल झिरो' हा क्रमांक फिरविला की ते थ्री-जीच शोधू लागत! म्हणजे फोन धडधाकट आहे असे वर्षभर वाटावे आणि घरात कोणाच्या छातीत कळ आली त्याच रात्री तो मुका ठरावा. अखेर ज्या फोनवरून तातडीचा क्रमांक लागू शकत नाही, त्याला सेवाच देऊ नये, असा निर्देश तेथील सरकारने कंपन्यांना दिला. निर्देश योग्यच होता. पण त्यापायी हजारो चालते फोन निकामी झाले. ते कोणाचे असतील हे सांगायला नको. वृद्धांचे, गरिबांचे आणि दूरच्या वस्त्यांवर राहणाऱ्यांचे प्रमाण त्यांत अधिक असणार.

आता थोडे जपानकडे वळू, कारण या कथेचा नायक, आणि एका अर्थी शोकनायकही, जपानच आहे. एनटीटी या कंपनीने टोकियोत १९७९ साली मोटारीत बसविण्याच्या भ्रमणध्वनीची सेवा सुरू केली. व्यापारी तत्त्वावरची अशा प्रकारची ती जगातली पहिलीच सेवा मानली जाते. पुढे २२ फेब्रुवारी १९९९ रोजी डोकोमोने 'आय-मोड' आणले. आपल्याकडे तेव्हा भ्रमणध्वनी असणे हीच श्रीमंतीची खूण होती. आणि जपानी मुले-मुली त्यावर पत्रे पाठवीत, बातम्या वाचीत, गाड्यांची वेळापत्रके पाहत! त्याच सेवेसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चिमुकली चित्रे रेखाटली. आज आपण संदेशात जे हसरे-रडके चेहरे टाकतो, त्यांच्या पूर्वजांतली ती मंडळी. २०१६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती चित्रे आपल्या संग्रहात घेतली. २००४ पासून जपानी फोन पैशाच्या पाकिटाचेही काम करू लागला आणि २००६ पासून तो आगगाडीच्या फाटकाला टेकवून प्रवास करता येऊ लागला.

इतके असूनही हे फोन जपानबाहेर फारसे गेले नाहीत. गलापागोस बेटांवरचे प्राणी जसे एकाकी राहून विलक्षण रूपे धारण करतात, तसे हे फोन झाले, असे जपानी लोक स्वतःच म्हणू लागले आणि त्यांनी त्यांना 'गाराकेई' हे थट्टेचे नाव दिले. २००८ मध्ये जपानात आयफोन आला आणि हळूहळू बाजार पालटला. कधीकाळी चार कोटींहून अधिक ग्राहक असलेल्या आय-मोडच्या समाप्तीची तारीख डोकोमोने २०१९ सालीच जाहीर करून टाकली : ३१ मार्च २०२६. सहा वर्षांहून अधिक आधी दिलेली ही नोटीस मला सौजन्याची वाटते. ज्या देशात शंभरातली एकोणतीसहून अधिक माणसे पासष्ट किंवा त्याहून अधिक वयाची आहेत, तेथे एवढी मुदत द्यावीच लागते.

वेगाची शर्यत हा आणखी एक विषय. वर्तमानपत्रांना तो फार आवडतो. मला त्यात तितकासा राम दिसत नाही. दक्षिण कोरियाने ३ एप्रिल २०१९ च्या रात्री अकरा वाजता घाईघाईने फाइव्ह-जी सुरू केले, कारण अमेरिकेतील कंपनीला काही तासांनी का होईना, मागे टाकायचे होते. जाहिरातींत सेकंदाला २० गिगाबिटची भाषा होती. प्रत्यक्षात सरासरी वेग एका गिगाबिटच्याही खालीच होता. मे २०२३ मध्ये तेथील व्यापार आयोगाने तिन्ही कंपन्यांना मिळून ३,३६० कोटी वॉनचा दंड केला. गंमत अशी की, खरा प्रचंड वेग ज्या २८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिळायचा होता, त्या लहरी फार दूर जात नाहीत. भिंत आडवी आली, झाड आडवे आले, की त्या अडखळतात. म्हणजे चौकाचौकात मनोरे उभारावे लागणार. तितका खर्च कंपन्यांना परवडेना, त्यांनी ठरलेले मनोरे उभारले नाहीत आणि सरकारने २०२२-२३ मध्ये तो पट्टा तिघांकडूनही काढून घेतला. आता सिक्स-जीची चर्चा चालू आहे आणि २०३० च्या आसपास ते येईल असे म्हणतात. येवो बापडे! परंतु माणसाला एका सेकंदात चित्रपट उतरवून घेण्याची निकड किती, हा प्रश्न कोरियातल्या या अनुभवानंतर विचारायला हरकत नाही.

माझ्या मते खरा बदल अन्यत्र आहे. फोन हे बोलण्याचे साधन राहिले नसून ते माणसाचे पाकीट, ओळखपत्र आणि घराची किल्ली होत चालले आहे. दक्षिण कोरियात २०२२ पासून वाहन चालविण्याचा परवाना फोनमध्येच बाळगता येतो. जपानात २०१८ साली 'पेपे' ही पैसे देण्याची सेवा निघाली आणि थोड्याच वर्षांत घराघरांत गेली. तिच्या उभारणीत आपल्या भारतातील पेटीएमचे तंत्र वापरले होते, हे वाचून माझी कॉलर नसतानाही ताठ झाली. लोकसंख्या घटत चाललेल्या देशात नवे ग्राहक कोठून आणायचे? म्हणून तेथील कंपन्या आता बोलण्याच्या मिनिटांवर अवलंबून न राहता पैशाचे व्यवहार, कर्जे, विमा, बक्षीसगुण यांतून कमाई करू पाहतात.

मात्र सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवल्यावर टोपली सांभाळावी लागते. डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापुरात भामट्यांनी ओसीबीसी बँकेच्या नावाने खोटे संदेश धाडले. खऱ्या बँकेचे संदेश ज्या रांगेत येत त्याच रांगेत हे खोटे संदेश दिसत, त्यामुळे लोक फसले. सुमारे ७९० ग्राहकांचे मिळून १ कोटी ३७ लाख सिंगापूर डॉलर गेले. काहींची तर जन्माची शिल्लक होती. तेव्हापासून सिंगापूरने बंधन घातले की, संस्थेच्या नावाने संदेश पाठवायचा तर ते नाव आधी नोंदवावे. जानेवारी २०२३ अखेरपासून नोंद नसलेल्या संदेशावर 'बहुधा फसवणूक' अशा अर्थाचा शिक्का उमटू लागला. जुलै २०२४ मध्ये तर तेथील बँकांनी संदेशातून येणारा एकवेळचा परवलीचा आकडा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. आपण येथे त्या आकड्याला सुरक्षिततेची शेवटची कडी समजतो आणि सिंगापूर ती कडी गंजली म्हणून काढते आहे! कोरियात एप्रिल २०२५ मध्ये याहून मोठा घाला पडला. एसके टेलिकॉमच्या यंत्रणेत घुसून चोरांनी सुमारे २ कोटी ३० लाख ग्राहकांच्या सिमकार्डांची माहिती पळविली. कंपनीने सर्वांना फुकट नवे कार्ड देण्याचे कबूल केले. पण एवढी कार्डे एकदम आणणार कोठून? सोलमध्ये दुकानांपुढे रांगा लागल्या. वेगाच्या शर्यतीत धावणाऱ्या देशात लोक एका नखाएवढ्या तुकड्यासाठी रेशनच्या रांगेसारखे उभे होते.

आणि सेवाच बंद पडली तर? नोव्हेंबर २०१८ मध्ये सोलच्या एका भागात केटी कंपनीच्या इमारतीतील तारांना आग लागली; त्या परिसरात फोन तर गेलेच, दुकानांतून कार्डाने पैसे घेणेही थांबले. जुलै २०२२ मध्ये जपानात केडीडीआयची सेवा तीन दिवसांहून अधिक काळ विस्कळीत झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात ऑप्टसचे सुमारे एक कोटी ग्राहक दिवसभर मुके झाले आणि २,१४५ जणांना तातडीचा क्रमांक लागू शकला नाही. त्या २,१४५ जणांत प्रत्येकाच्या घरी काहीतरी घडत होते.

म्हणूनच आकाशातून येणारी सेवा मला वेगापेक्षा मोलाची वाटते. न्यूझीलंडमध्ये फेब्रुवारी २०२३ च्या गॅब्रिएल चक्रीवादळात वीज आणि तारा तुटून कित्येक गावे जगापासून तुटली. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील वन एनझेड या कंपनीने उपग्रहावरून थेट हातातल्या फोनवर संदेश देण्याची सेवा सुरू केली. एप्रिल २०२५ मध्ये जपानात आणि त्यापाठोपाठ जूनमध्ये ऑस्ट्रेलियात तशी सेवा निघाली. त्यासाठी वेगळी छत्री किंवा वेगळा फोन विकत घ्यावा लागत नाही. उपग्रहच जणू काही शे किलोमीटर उंचीवरचा मनोरा होतो. एवढ्या दुरून येणारी लहर क्षीण असते, म्हणून सुरुवात लहान संदेशांनी झाली, आणि तेही पोहोचायला कधी काही मिनिटे लागत. आकाश मोकळे दिसावे लागते. घरात बसून चालत नाही, आणि फोनही नव्यापैकी लागतो. तरीही ज्या ऑस्ट्रेलियात मनोऱ्यांची सेवा भूमीच्या जेमतेम एक-तृतीयांश भागापर्यंत पोहोचते, तेथे ही केवढी मोठी गोष्ट आहे! उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाला देशात जवळजवळ कोठूनही संदेश पाठविता आला पाहिजे, अशी जबाबदारी कंपन्यांवर टाकण्याचा मानस तेथील सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केला. भंडारदऱ्याच्या किंवा मेळघाटाच्या बाजूची जी मुले-मुली आपल्या वर्गात आहेत, त्यांना 'रेंज' मिळविण्यासाठी टेकडी चढणे काय असते हे ठाऊक आहे. त्यांना याचे महत्त्व मी सांगायला नको.

आपल्याकडे काय? भारतात फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले. काही कंपन्यांनी थ्री-जी आवरले, पण टू-जी अद्याप जिवंत ठेवले, कारण बटणांचे फोन वापरणारे कोट्यवधी लोक आहेत. जिओने मात्र टू-जी कधी घेतलेच नाही. तिने बटणांचाच, पण फोर-जीवर बोलणारा फोन काढला. हा मधला मार्ग मला बरा वाटतो. बटणे राहतात आणि लहर बदलते.

आजीला मी हे सर्व तिच्या भाषेत सांगितले. ऊस, खोडवा आणि नवी लागण म्हटल्यावर तिला पहिल्या भागाचे उत्तर पटले. मग ती म्हणाली, "वावर त्यांचं, पीक त्यांचं, मग नवा फोन माझ्या पैशानं का?" ऑस्ट्रेलियात काही ग्राहकांना कंपन्यांनी फुकट किंवा स्वस्तात फोन दिले, एवढे मी तिला सांगू शकले. आपल्याकडे काय करतील, हे तिने पुन्हा विचारले आहे.