स्टुटगार्टमधील पहिले दिवस

मुंबई आणि जर्मनीतील स्टुटगार्ट यांच्यात १९६८ पासून भगिनी-शहरांचे नाते आहे. स्टुटगार्ट ही बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याची राजधानी होय. या राज्याशी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला. त्यामुळे परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा व्यवसायांतील आपल्या तरुणांच्या दृष्टीने हे शहर आता केवळ नकाशावरील नाव राहिलेले नाही. भाषा आणि कसब वर्गात शिकता येते. परंतु परक्या मुलखात बिऱ्हाड मांडताना ज्या लहानसहान गोष्टी अडतात, त्या अभ्यासक्रमात क्वचितच असतात. निघण्यापूर्वी तरुण गावातील शिक्षकांचा किंवा पंचायत सदस्यांचा सल्ला घेतात. त्या वेळी त्यांना सांगता याव्यात अशा काही गोष्टी येथे दिल्या आहेत.

घर आणि नोंदणी

राहत्या जागेत आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नागरी कार्यालयात पत्त्याची नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी पारपत्र आणि घरमालकाच्या स्वाक्षरीचा रहिवास-दाखला लागतो. हा दाखला देण्यास जो नकार देतो, त्याची जागा घेऊ नये. नोंदणीनंतर करक्रमांक टपालाने येतो. तो नोकरीच्या ठिकाणी न दिल्यास वेतनातून अधिक कर कापला जाण्याचा संभव असतो.

भाड्याचे तेथे दोन प्रकार सांगतात. ‘थंड’ भाडे म्हणजे केवळ जागेचे. ‘गरम’ भाड्यात पाणी, घर उबदार ठेवण्याचा खर्च इत्यादींचा समावेश असतो. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून अधिक घेता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूस हक्क आहे. जागा प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी मात्र कोणासही पैसे पाठवू नयेत. शेत गहाण ठेवून उभी केलेली रक्कम अशा एका व्यवहारात बुडू शकते.

टपालपेटीवरील नाव

घराच्या टपालपेटीवर आपले आडनाव पहिल्याच दिवशी लावावे. नाव नसल्यास पत्र परत जाते, आणि तेथील शासकीय व्यवहार अद्यापि मोठ्या प्रमाणावर पत्रांनीच चालतो. अनेक पत्रांत उत्तरासाठी मुदत दिलेली असते. मजकूर समजला नाही म्हणून पत्र बाजूला ठेवणे महागात पडते. ते त्याच दिवशी जाणकाराकडून वाचून घ्यावे.

शेजारधर्म

रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळली जाते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. म्हणून शनिवारीच बाजार करावा. कागद, ओला कचरा, वेष्टने आणि उरलेला कचरा वेगवेगळा टाकावा लागतो. पेयांच्या बहुतेक बाटल्यांवर अनामत असते. रिकामी बाटली दुकानात परत केल्यावर ती मिळते. या भागात ‘केअरवोखे’ नावाची जुनी रीत आहे. तीनुसार इमारतीतील जिना व परिसर झाडण्याची आठवड्याची पाळी प्रत्येक बिऱ्हाडाकडे येते. पाळी चुकविणारा शेजाऱ्यांच्या मनातून लवकर उतरतो.

घरांत धूरसूचक यंत्रे बसविलेली असतात. फोडणीचा धूर त्यांना पुरेसा होतो. म्हणून स्वयंपाक करताना खिडकी उघडावी. हिवाळ्यातही दिवसातून काही वेळा खिडक्या पूर्ण उघडून हवा खेळती ठेवावी, अन्यथा भिंतींना बुरशी येते.

प्रवास आणि प्रकृती

तिकिटाविना प्रवास करताना सापडल्यास ६० युरो भरावे लागतात. आरोग्य विमा सक्तीचा असून त्याचे कार्ड सदैव जवळ बाळगावे. रुग्णवाहिका व अग्निशमन यांसाठी ११२, पोलिसांसाठी ११०, आणि दवाखाने बंद असताना तातडीच्या नसलेल्या दुखण्यासाठी ११६११७ हे क्रमांक लक्षात ठेवावेत.

घरच्यांसाठी

पारपत्र, करारपत्र आणि विमा यांच्या प्रती घरी ठेवून जाव्यात. मूळ प्रमाणपत्रे कोणाही मध्यस्थाच्या हाती सोपवू नयेत. जर्मनीतील घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन, तर हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. हे ठाऊक असले, म्हणजे मुलाचा दूरध्वनी रात्री जेवणवेळेला आला नाही म्हणून आई काळजी करीत बसणार नाही; त्या वेळी तो कामावर असतो.