माळ्यावरची बंदूक आणि घरातली पोरं

कोडोलीत बंदुकीचा विषय काढला की बोलणं आधी रानडुकरावर जातं, मग गव्यावर. खाली वारणेकाठचा ऊस, वर पन्हाळा-जोतिबाच्या अंगाला भुईमूग, मका, भात आणि त्याही पलीकडे शाहूवाडीचं रान. डुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचं वावर उकरून ठेवतो. डिसेंबर २०२१ मध्ये गवा पार कोल्हापूर शहराच्या वेशीवर आला आणि जवळच्या भुयेवाडीत एका तरुणाचा जीव गेला. त्यामुळे पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागणाऱ्या शेतकऱ्याचं कुणाला नवल वाटत नाही. बंदूक का घेतली, याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. ती घरात कुठं आणि कशी ठेवली, हे मात्र पाहुणे विचारत नाहीत, शेजारी विचारत नाहीत, आणि घरातली बाईमाणसंही फारसं विचारत नाहीत. घरात चार वर्षांचं पोर असेल तर पहिला प्रश्न तोच असायला हवा.

आपल्याकडच्या घरांत दिसणारी हत्यारं साधारण ठरलेली. शेतकऱ्याकडे ठासणीची किंवा बारा बोअरची काडतुसाची बंदूक. लष्करातून निवृत्त झालेल्या जवानाकडे बहुधा बारा बोअरच, कारण बँकेत किंवा रोकड नेणाऱ्या गाडीवर पहारेकऱ्याची नोकरी धरायची तर स्वतःची परवान्याची बंदूक असलेल्याला मागणी असते. हा गडी ड्युटी संपली की बंदूक खांद्याला लावून घरीच येतो. बांधकाम, राजकारण, सराफी असल्या धंद्यांतल्या मंडळींकडे रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल. आणि यांशिवाय, कुणाच्या हिशेबातही नसलेली, छर्ऱ्याची बंदूक, म्हणजे एअरगन.

यातली सगळ्यात फसवी ठासणीची. जुनी, जड, पोराला काय उचलणार, असं वाटतं. पण ती भरायला वेळ लागतो. नळीत दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, गजानं ठासायचं, शेवटी ठिणगी पाडणारी केप बसवायची. एवढा खटाटोप केल्यावर रात्री डुक्कर आलंच नाही, तर बार तसाच नळीत राहतो. काडतुसाच्या बंदुकीसारखं मोडून काडतूस बाहेर काढता येत नाही. मग भरलेलीच बंदूक पहाटे घरी येते आणि खुंटीला लागते, उद्या पुन्हा न्यायचीच आहे म्हणून. केप काढून ठेवली म्हणून ती रिकामी होत नाही. आत दारू आहे तोवर ठिणगी पुरते. रानातून परतताना मोकळ्या, सुरक्षित दिशेला, मातीच्या बांधात बार काढूनच घराकडे वळायचं, हा नियम ठासणीवाल्यानं स्वतःला लावून घेतला पाहिजे. एक बार वाया गेला तर जाऊ दे. दारूचा डबा आणि केपाची डबी चुलीपासून लांब, कुलपात.

आता लपवण्याबद्दल. गावाकडच्या घरात हत्यार ‘ठेवण्याची’ रीत म्हणजे खरं तर लपवण्याची रीत. माळ्यावर पोत्याच्या आड, धान्याच्या कणगीमागं, गादीखाली, साड्यांच्या घडीत, देवघराच्या वरच्या फळीवर. दिवाळीचे फटाके, वरच्या डब्यातला गूळ आणि बापाच्या खिशातली चिल्लर ज्यांना सापडते, त्या पोरांना या जागा माहीत नसतील असं मानायला मोठी माणसंच भोळी पाहिजेत.

याची पारख अमेरिकेत अटलांटा इथं झालेली आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोन-दोन, तीन-तीन करून एका खोलीत पंधरा मिनिटं सोडलं. खोलीत खेळण्यातल्या पाणपिचकाऱ्या होत्या आणि एका खणात खरं, पण निकामी केलेलं पिस्तूल होतं. ४८ मुलांना ते सापडलं. ३० जणांनी हातात घेतलं, १६ जणांनी चाप ओढला. सापडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना ते खरं आहे की खेळणं, हे कळलंच नव्हतं. मला सगळ्यात जास्त टोचलं ते पुढचं. पिस्तूल हाताळणाऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना हत्याराच्या सुरक्षेबद्दल आधी कधी ना कधी काहीतरी शिकवलेलं होतं. म्हणजे ‘आमच्या पोराला आम्ही बजावलंय’ या वाक्यावर घर विसंबून ठेवता येत नाही. बजावायचं जरूर, पण कुलूप लावल्यावर.

लहान बोटांत जोर नसतो, हाही समज अमेरिकेतच तपासून झालाय. १९९५ च्या एका पाहणीत तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी चौथा हिस्सा मुलं, पाच-सहा वर्षांची सत्तर टक्के आणि सात-आठ वर्षांची नव्वद टक्के मुलं बऱ्याचशा पिस्तूल-रिव्हॉल्वरांचा चाप ओढू शकतील इतकी ताकदवान निघाली. लांब नळीची बंदूक पोराला पेलवत नाही हे खरं. पण भुईवर आडव्या पडलेल्या बंदुकीचा चाप ओढायला ती उचलावी कुठं लागते?

हे परदेशातलं झालं म्हणून सोडून द्यायला जागा नाही. ३१ जुलै २०२४ ला बिहारच्या सुपौल जिल्ह्यात पाच वर्षांचा मुलगा दप्तरातून पिस्तूल घेऊन शाळेत गेला आणि तिसरीतल्या दहा वर्षांच्या मुलावर त्यानं गोळी झाडली. गोळी हाताला लागली, पोर वाचलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला मुंबईत जुहूच्या घरी अभिनेता गोविंदा परवान्याचं रिव्हॉल्वर कपाटात ठेवत होते. ते हातातून निसटलं, गोळी सुटली आणि पायात घुसली. हा प्रसंग बहुतेकांनी चघळून सोडून दिला. त्यातली कामाची गोष्ट एवढीच, की बाहेरगावी निघालेला माणूस घाईत हत्यार ठेवत होता आणि हत्यार भरलेलं होतं. खोलीत मूल असतं तर काय झालं असतं, हे कुणी लिहिलं नाही.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण कायद्यानं हा प्रश्न सुटणारा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि सध्याची नियमावली २०१६ ची. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नसल्यानं परवाना जिल्हाधिकारी देतात. वयाची २१ वर्षं पुरी नसलेल्याला परवाना नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं, आणि लग्नावरातीत हर्षानं हवेत बार उडवला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं ठरलं. २०१६ च्या नियमांत अर्जदारानं शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घ्यायचं आहे आणि त्या अभ्यासक्रमात सुरक्षित साठवण हा विषय आहे. शिक्षण घेतो तो परवानाधारक. त्याची बायको, म्हातारी आई, शाळेतून आलेली पोरं यांना कोण शिकवतं? कुणी नाही. निष्काळजीपणानं कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण पोटचं पोर गेलेल्या बापाला त्या कलमाची भीती ती काय उरणार? जपानात बंदूक एका लॉकरमध्ये आणि काडतुसं दुसऱ्या लॉकरमध्ये ठेवावी लागतात, आणि पोलीस दरवर्षी हत्याराची तपासणी करतात. आपल्याकडे बंदूक पोलिसांच्या नजरेखालून जाते ती मुख्यतः निवडणुकीत जमा करून घेतात तेव्हा.

मग करायचं काय? अमेरिकेतच २००५ साली झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चार सवयी तपासल्या गेल्या. बंदूक रिकामी ठेवणं, बंदूक कुलपात ठेवणं, काडतुसं कुलपात ठेवणं, आणि ती बंदुकीपासून वेगळ्या जागी ठेवणं. या चारांपैकी प्रत्येक सवयीनं मुलांच्या अपघाताचा धोका कमी झालेला दिसला. त्यासाठी महागडी तिजोरी लागतेच असं नाही. बारा बोअरची दुनळी सुमारे पावणेचार फूट लांब, कपाटात उभी मावत नाही, म्हणून ती दाराआड राहते. पण तीच बंदूक कसलंही अवजार न वापरता खोलता येते. नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा. नळ्या एका लोखंडी कपाटात, दस्ता दुसऱ्या पेटीत, काडतुसं तिसरीकडे, तिन्हीला कुलूप. नुसता दस्ता किंवा नुसती नळी पोराच्या हाती लागली तरी बार उडत नाही. खोलायची नसेल तर मोडलेल्या बंदुकीच्या नळीतून साखळी ओवून चांगलं कुलूप घाला. नळीत साखळी असताना काडतूस भरताच येत नाही. चापाला लावायची कुलपं मिळतात, पण ती भरलेल्या हत्याराला कधीही लावू नयेत. लावताना चाप दाबला जाऊ शकतो.

खरी मेख किल्लीत आहे. आपल्या घरांत लोखंडी कपाट असतं, त्याला चांगलं कुलूप असतं, आणि किल्ली त्याच कुलपात लटकत असते. नाहीतर देव्हाऱ्यात किंवा दाराच्या चौकटीवर. हत्याराच्या कुलपाची किल्ली परवानाधारकाच्या अंगावर हवी, करदोट्याला किंवा पाकिटात, आणि घरातल्या बाकी किल्ल्यांच्या जुडग्यात ती नसावी. आकड्यांचं कुलूप असेल तर पोराची जन्मतारीख हा आकडा सोडून दुसरा कुठलाही.

रात्री चोर आला तर कुलपं उघडत बसायचं का, असं हमखास विचारलं जातं. पीक संरक्षणाची बंदूक वावरासाठी आहे, निघताना काढा आणि रानात पोचल्यावर भरा. पहारेकऱ्याची बंदूक ड्युटीसाठी आहे. स्वसंरक्षणाचं रिव्हॉल्वर असलेल्यांसाठी बोटाच्या ठशानं पटकन उघडणाऱ्या छोट्या पेट्या बाजारात मिळतात, आणि ज्याला रिव्हॉल्वर परवडलं त्याला पेटीही परवडते. कोडोलीसारख्या गावात चोर वर्षाकाठी एखाद्या घरात शिरत असेल. पोर रोज घरात असतं.

कुलपाविरुद्धचा दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. पन्हाळ्याच्या पावसात बंद कपाटात लोखंड गंजतं, म्हणून बंदूक चुलीजवळ खुंटीला टांगायची जुनी सवय. त्यावर उपाय म्हणजे पुसून तेलाचा हात फिरवणं, चामड्याच्या म्यानात न ठेवणं (चामडं ओल धरतं), कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकणं आणि महिन्यातून एकदा, पोरं शाळेत असताना, बाहेर काढून पुन्हा पुसणं.

खंडेनवमीचा दिवस वेगळा काढून सांगावा लागतो. कोल्हापूरचा दसरा म्हणजे काय ते इथं सांगायची गरज नाही. घरोघरी विळा-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते आणि त्यात बंदूकही पाटावर येते. हळद-कुंकू, झेंडूचा हार, भोवती पोरांचा घोळका, एखादा काका फोटोसाठी पुतण्याच्या हातात ती देतो. वर्षभर कुलपात असलेलं हत्यार त्या दिवशी पाच-सहा तास उघड्यावर असतं, आणि घरात पाहुण्यांची वर्दळ असते. पूजा करू नका असं मी म्हणणार नाही. नळ्या काढून पाटावर ठेवा, काडतुसं पूजेत नकोतच, आरती झाली की लगेच जागेवर. फोटोचा हट्ट मात्र मोडून काढायला हवा.

हत्यार रोज हाताळणारी माणसं किती कडक असतात ते कोल्हापूरनं जवळून पाहिलंय. नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ही याच मातीतली माणसं. नेमबाजीच्या स्पर्धेत रायफल वापरात नसेल तेव्हा ती रिकामी, उघडी आणि नळीत ठळक रंगाची सुरक्षा-पट्टी घातलेली, असा दंडकच आहे. जगज्जेत्यालाही त्यातून सूट नाही. आणि आपण खुंटीला टांगून मोकळे होतो.

छर्ऱ्याच्या बंदुकीला, ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलच्या आतला जोर असेल तर, परवाना लागत नाही. म्हणून ती खेळणं समजून सुट्टीत पोरांच्या हाती दिली जाते. जवळून लागलेला छर्रा डोळा कायमचा घालवतो. कुलपाचा नियम तिलाही.

थोडी मोठी, दहावी-बारावीतली मुलं घरात असतील तर आणखी एक कारण आहे, आणि ते बोलायला जड जातं. निकालाचा, प्रेमभंगाचा, अपमानाचा एखादा वाईट तास असतो. तो सरतो. त्या तासात हत्यार हाताशी नसणं म्हणजे पोर वाचणं. घरात कुणी फार खचलेलं दिसत असेल तर काही काळ हत्यार घराबाहेर, परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करावं, आणि टेलि-मानस या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं हे त्याला सांगावं.

शेवटी माळ्यावरच्या बंदुकीबद्दल. आजोबा गेले, परवाना त्यांच्या नावावर होता आणि बंदूक ‘आठवण म्हणून’ घरातच राहिली, अशी घरं असतात. ती ना कुणाच्या जबाबदारीत, ना कुणाच्या कुलपात. कायद्यानं अशी बंदूक वारसांनी विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. मूळ धारकानं सत्तरी गाठली असेल किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगली असेल तर त्याच्या हयातीतही तो अर्ज करता येतो. कोडोलीला पोलीस ठाणं गावातच आहे. तुमच्या माळ्यावर अशी बंदूक असेल तर ती स्वतः हाताळत बसू नका. पोरांना त्या खोलीतून बाहेर काढा, ठाण्याला कळवा, ते सांगतील तशी जमा करा आणि पावती घ्या.