विश्लेषण : ऊन, पाऊस, वारा... बिघडलेल्या हवामानात मॅरेथॉन कशी धावावी, कधी सोडावी?

लातूरमध्ये पहाटे पाचच्या सुमारास औसा रोड, बार्शी रोड किंवा क्रीडा संकुलाच्या बाजूला गेले, तर दोन प्रकारचे धावणारे दिसतात. एक, पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली. दुसरे, चाळिशीत पहिल्यांदा धावण्याचे बूट घेतलेले आणि हाफ मॅरेथॉनचे स्वप्न पाहणारे नोकरदार, शिक्षक, व्यापारी. दोघांचीही तारीख आधीच ठरलेली असते. त्या दिवशीचे हवामान मात्र कोणाच्याच हाती नसते. मोठ्या स्पर्धांमध्ये ऊन, दमट हवा, पाऊस आणि वाऱ्याने धावपटूंची कशी परीक्षा पाहिली आणि त्यातून आपल्याकडच्या धावपटूंनी काय घ्यावे, याचा हा आढावा.

हवामानाचा धावण्यावर इतका परिणाम का होतो?

धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा साधारण पाचवा ते चौथा हिस्साच पाय पुढे टाकण्यासाठी लागतो. उरलेली सगळी ऊर्जा उष्णता बनून अंगातच साठते. ही उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसताच गळतो आणि अंग तापत राहते. मॅरेथॉनसाठी साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान उत्तम मानले जाते. लातूर-नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पहाटेही हवा पुरती निवलेली नसते. त्यामुळे डिसेंबरमध्ये जो वेग सहज जमतो, तोच एप्रिलमध्ये अंगावर येतो. यात धावपटूची तयारी कमी पडली असे नसते, शरीराला अंग गार ठेवण्याचे जादा काम लागलेले असते.

रिओ ऑलिम्पिकमध्ये काय घडले होते?

१४ ऑगस्ट २०१६ रोजी रिओत महिलांची मॅरेथॉन सकाळी साडेनऊला, म्हणजे ऊन चढू लागल्यावर सुरू झाली. भारताच्या दोघी त्यात होत्या, केरळची ओ. पी. जैशा आणि 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेली नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत. जैशाच्या नावावर तेव्हा २ तास ३४ मिनिटे ४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम होता. रिओत तिला २ तास ४७ मिनिटे १९ सेकंद लागले, ती ८९वी आली आणि अंतिम रेषा ओलांडताच कोसळली. कविताने २ तास ५९ मिनिटे २९ सेकंदांत १२०वे स्थान मिळवले. मार्गावरील भारताच्या टेबलांवर पाणी किंवा पेये घेऊन कोणीच नव्हते, असे जैशाने नंतर सांगितले. खेळाडूंनीच स्वतंत्र पेये नाकारली होती, असे अॅथलेटिक्स महासंघाचे म्हणणे होते. आपल्याला विचारणा झाली होती आणि आपणच नको म्हटले, असे कविताने सांगितले. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. कोणत्या किलोमीटरला कोण काय देणार, हे शर्यतीच्या आधीच ठरलेले असले पाहिजे. अंग तापल्यावर पाणी शोधणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे.

मध्यरात्री धावूनही दोहात धावपटू का थकल्या?

ऊन टाळले की प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटते. २०१९ च्या जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत कतारच्या राजधानीत महिलांची मॅरेथॉन त्यासाठीच मध्यरात्री ठेवली गेली. ऊन नव्हतेच, पण तापमान ३२ अंशांच्या पुढे आणि आर्द्रता ७० टक्क्यांहून जास्त होती. ६८ धावपटूंनी सुरुवात केली आणि ४० जणींनीच शर्यत पूर्ण केली. जगातील निवडक धावपटूंपैकी २८ जणींनी वाटेतच थांबणे पसंत केले. विजेतीची वेळही २ तास ३२ मिनिटांवर गेली. या अनुभवानंतर टोकियो ऑलिम्पिकची मॅरेथॉन उत्तरेकडील सप्पोरो शहरात हलवण्यात आली आणि तिथेही महिलांची शर्यत ऐन वेळी एक तास अलीकडे, सकाळी सहाला घेण्यात आली. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये ढगाळ, कोंदट सकाळ 'धावायला बरी' वाटते. पारा कमी दिसतो म्हणून वेग वाढवण्याची चूक याच दिवसांत होते. मोबाइलवर तापमान पाहताना आर्द्रतेचा आकडाही पाहायला हवा.

पावसात धावणे धोक्याचे असते का?

नुसत्या पावसाने फारसे बिघडत नाही. उलट उकाड्यात हलकी सर सुखाची वाटते. अडचण येते ती पाऊस आणि वारा एकत्र आल्यावर, कारण ओले अंग वाऱ्यात झपाट्याने गार पडते. २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन याचे ठळक उदाहरण आहे. कोसळता पाऊस, समोरून झोंबणारा वारा आणि ३-४ अंश तापमान. अनेक नामवंत धावपटूंनी शर्यत सोडली. अमेरिकेची डेझिरी लिंडेन हिलाही सुरुवातीला इतके जड वाटत होते की ती थांबण्याच्या बेतात होती. आपण सोडणारच आहोत तर सोबतिणीला तरी मदत करू, असे म्हणून तिने शालेन फ्लॅनगनसाठी वेग कमी केला आणि तिला पुन्हा गटात आणले. अशा धावण्यात ती टिकून राहिली आणि शेवटी तीच जिंकली. वेळ होती २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंद, म्हणजे तिच्या नेहमीच्या वेळेपेक्षा कितीतरी संथ. पुरुषांमध्ये जिंकला जपानचा युकी कावाउची. तो पूर्ण वेळ नोकरी सांभाळून धावणारा सरकारी कर्मचारी होता आणि गोठवणाऱ्या थंडीतही शर्यती धावण्याची त्याला सवय होती. त्या दिवशी घड्याळाकडे पाहून धावणारे मागे पडले. हवेचा अंदाज घेत धावणारे पुढे गेले.

हवामान जिवावर बेतू शकते का?

दुर्दैवाने, हो. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत सुरू असताना अचानक गारा, बर्फाळ पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला. बहुतेक धावपटूंच्या अंगावर तोकडे, पातळ कपडे होते. १७२ सहभागींपैकी २१ जणांचा थंडीने गारठून मृत्यू झाला. डोंगरात मेंढ्या चारणाऱ्या एका मेंढपाळाने सहा जणांना गुहेत नेऊन, शेकोटी पेटवून वाचवले. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की आधी हुडहुडी भरते, मग बोलणे अडखळते, हातांनी साधे बटणही लावता येत नाही. मराठवाड्यात असा हिमवर्षाव नाही, पण अचानक येणारा वळीव आहे. इथे थंडीपेक्षा विजेचा धोका मोठा. मोकळ्या माळावर किंवा शेतरस्त्यावर धावताना गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत शिरावे, झाडाखाली थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल अॅप जवळपासच्या विजांची सूचना देते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील अनेक पूल पाण्याखाली गेले होते. पाणी वाहत असलेला पूल धावून ओलांडण्याचे धाडस कधीही करू नये.

सरावाने शरीर तयार होते का?

होते, पण सवड द्यावी लागते. मराठवाड्याचाच अविनाश साबळे पाहा. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळवंटात राहिला आणि त्यानंतर शर्यतींकडे वळला. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीत त्याने १ तास ३० सेकंदांत हाफ मॅरेथॉन धावून राष्ट्रीय विक्रम केला. शरीर वेगवेगळ्या हवामानाशी जुळवून घेते, पण उन्हाची सवय होण्यासाठी साधारण १० ते १४ दिवस रोज थोडे थोडे धावावे लागते. या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. वर्षभर वातानुकूलित कार्यालयात बसून एका रविवारी उन्हात २१ किलोमीटर धावणे म्हणजे शरीराला न सांगता परीक्षेला बसवणे.

भरतीची तयारी करणाऱ्यांना धोका जास्त का?

हौशी धावपटू वेग कमी करू शकतो, पुढच्या वर्षी पुन्हा येऊ शकतो. भरतीच्या मैदानावरच्या मुलासाठी मात्र सेकंदावर गुण आणि गुणांवर नोकरी अवलंबून असते. रात्रभर प्रवास, अपुरी झोप, रिकामे पोट आणि वर ऊन, अशा अवस्थेत तो जिवाच्या आकांताने धावतो. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान तरुणांचे मृत्यू झाले. त्यानंतर हे अंतर कमी करण्यात आले. आता पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. जून २०२४ मधील भरती पावसाळ्यात आली, तेव्हा पावसामुळे चाचणी होऊ न शकल्यास पुढची तारीख देण्याचे सरकारला जाहीर करावे लागले. 'थांब' म्हणण्याची मुभा उमेदवाराकडे नसते, म्हणून ती जबाबदारी मैदानावरच्या अधिकाऱ्यांची ठरते. पहाटेची वेळ, सावली, पाणी आणि रुग्णवाहिका हा उमेदवारांचा हक्कच आहे.

पाणी किती प्यावे?

तहान लागेल तसे. जास्त पाणी म्हणजे जास्त सुरक्षितता, हा गैरसमज आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीपेक्षा कमी झालेले आढळले. त्यामागचे एक मुख्य कारण धावताना गरजेपेक्षा जास्त पाणी पिणे हे होते. तासाभराहून अधिक धावायचे असेल तर नुसत्या पाण्याऐवजी ओआरएस किंवा लिंबू, मीठ, साखरेचे पाणी बरे. धावून आल्यावर वजन वाढलेले दिसले, तर पाणी जास्त झाले असे समजावे.

थांबायचे कधी, हे कसे ओळखावे?

पोटरीत गोळा येणे, धाप लागणे, तहान लागणे हे वेग कमी करण्याचे इशारे आहेत. डोके ठणकणे, मळमळ, भोवळ, उन्हातही अंगावर काटा येणे, ही थांबण्याची वेळ. आणि धावणारा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर तो उष्माघात समजून लगेच हालचाल करावी. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, बर्फ किंवा गार पाणी मिळेल तितके अंगावर ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नये. रुग्णवाहिका येण्याची वाट पाहत बसू नये. आधी अंग गार करायचे, मग रुग्णालय, हा क्रम जीव वाचवतो.

पावसाळी शर्यतीत सुती बनियन टाळावे. ते पाणी धरून ठेवते आणि काखेत, मांड्यांत कातडी सोलवटते. तिथे आधीच व्हॅसलीन लावावे, कोरडे कपडे अंतिम रेषेजवळ ठेवावेत. ताप, जुलाब किंवा रात्रीचे जागरण झाले असेल, तर त्या दिवशी धावूच नये, मग प्रवेश शुल्क कितीही भरलेले असो.

लातूरकरांसाठी लांब अंतराचा सराव करायला नोव्हेंबर ते जानेवारीसारखे दिवस नाहीत. पण शर्यत कधी उन्हात येईल, कधी पावसात. अशा दिवशी ठरवलेली वेळ घरी ठेवून निघावे. दोहात थांबलेल्या २८ जणी कच्च्या नव्हत्या. पदक पुढच्या रविवारीही मिळते.