मुलांचा तीव्र इसब : नव्या उपचाराचे मोल आणि मर्यादा

इसब म्हटले की कोपराच्या वा गुडघ्याच्या लवणीतील खाजरा चट्टा आठवतो. तीव्र इसब झालेल्या बालकाचे दुःख मात्र चट्ट्यापुरते मर्यादित नसते. ते रात्रभर खाजवत राहते, त्वचा सोलवटते, चादरीवर रक्ताचे डाग पडतात आणि त्याच्यासोबत सारे घर जागते. झोपेअभावी मूल चिडचिडे होते, अभ्यासातील लक्ष उडते. ओरखड्यांतून जंतूंचा शिरकाव होतो, तो वेगळाच.

हा विकार संसर्गजन्य नाही. अशा मुलांच्या त्वचेत ओलावा टिकत नाही आणि शरीराची संरक्षणयंत्रणा विनाकारण प्रक्षुब्ध होते. इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ ही संदेशवाहक प्रथिने हा दाह पेटता ठेवतात. मलमांनी भागले नाही, तर सायक्लोस्पोरिनसारखी औषधे द्यावी लागत. ती प्रतिकारशक्तीच व्यापक प्रमाणात दडपतात. शिवाय मूत्रपिंडे व रक्तदाब यांवर सतत लक्ष ठेवावे लागते.

डुपिलुमॅबची रीत निराळी आहे. पेशीच्या ज्या दारावर हे दोन्ही संदेश पोहोचतात, तेवढेच दार ते अडवते. अमेरिकेत त्यास २०१७ साली प्रौढांसाठी मान्यता मिळाली आणि जून २०२२ मध्ये ती सहा महिन्यांच्या बालकांपर्यंत विस्तारली. सहा वर्षांखालील बालकांना ते दर चार आठवड्यांनी त्वचेखाली टोचतात.

याच वयोगटातील १६२ बालकांवरील अभ्यास २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सर्वांना सौम्य स्टिरॉइड मलम दिले होते. सोळा आठवड्यांनंतर, डुपिलुमॅब मिळालेल्यांपैकी २८ टक्के बालकांची त्वचा स्वच्छ वा जवळजवळ स्वच्छ झाली; औषधविरहित इंजेक्शन मिळालेल्यांत हे प्रमाण केवळ ४ टक्के होते. आजाराची तीव्रता किमान तीन चतुर्थांशाने घटलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५३ व ११ टक्के होते.

हे आकडे दिलासा देतात, तसेच सावधही करतात. निम्म्याहून अधिकांना मोठा आराम मिळाला, तरी बहुतेकांची त्वचा पूर्णतः निवळली नाही. औषध आजार आटोक्यात ठेवते, मुळापासून नाहीसा करीत नाही. डोळे लाल होणे हा त्याचा परिचित दुष्परिणाम होय. उपचार चालू असताना जिवंत विषाणूंच्या लसी टाळतात. म्हणून राहिलेल्या लसींविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे. औषध महागडे आहे. खर्च किती काळ चालेल, हेही प्रारंभीच विचारावे. आणि इंजेक्शन सुरू झाले, तरी त्वचा मऊ ठेवणारे मलम रोज लावणे सोडू नये.