‘महोदय’नंतरची ओळ

माझ्याकडे अर्ज दाखवायला येणाऱ्या मुलामुलींच्या कागदावर ‘महोदय’नंतरची पहिली ओळ बहुधा ठरलेली असते: उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की... शाळेत पत्रलेखनाला गुण मिळवून देणारी ही ओळ हाताच्या इतक्या सवयीची झालेली असते, की तिच्यामागून ‘मी कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू आहे’ हे वाक्य आपोआप येतं. परवा एका मुलीच्या अर्जातही ते होतं. डेअरी टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा केलेली मुलगी. एका दूध संघाच्या शीतकरण केंद्रात प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली होती. बायोडाटा नीटनेटका, अर्ज मात्र असा, की वरचा पत्ता बदलून बँकेत दिला असता तरी चालला असता.

कागद बाजूला ठेवून मी विचारलं, “सकाळी टँकर आला की तू पहिल्यांदा काय करशील?”

“सर, आधी वास आणि तापमान बघायचं. मग नमुना घ्यायच्या आधी दूध नीट ढवळून घ्यायचं. नाहीतर साय वर राहते आणि फॅट चुकतं.”

मग ती थांबेचना. इंटर्नशिपमध्ये तिनं गर्बर पद्धतीनं फॅट काढलं होतं. ब्युटिरोमीटरमध्ये आधी 10 मिलि सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर हळूच 10.75 मिलि दूध, शेवटी 1 मिलि अमाईल अल्कोहोल. आकडा मशीनही देतं, पण शंका आली की हीच पद्धत. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) धरून ठरतो; दूध त्याखाली गेलं की शेतकऱ्याचे पैसे कापले जातात. “म्हणून तिथं भांडणं होतात, सर. एका काकांना मी त्यांच्यासमोर नमुना परत लावून दाखवला, तेव्हा ते शांत झाले.”

यातलं अर्जात काहीच नव्हतं. हे तर त्यांना माहीतच असणार, मग लिहायचं कशाला, असं तिला वाटत होतं. पण केंद्रप्रमुख अर्ज वाचताना एवढंच शोधत असतो, की उद्या सकाळी हिच्या हातात पिपेट देता येईल का. ‘होतकरू’ या शब्दावरून ते कळत नाही. काकांसमोर परत लावलेल्या नमुन्यावरून कळतं, आणि प्रामाणिकपणाही त्यातच येतो.

अवघड वाक्य पुढे होतं. वडिलांच्या ऑपरेशनमुळे तिचं डिप्लोम्यातलं एक वर्ष गेलं होतं आणि अर्जात त्याचा उल्लेखच नव्हता. बायोडाट्यातल्या तारखा मात्र ते सांगतच होत्या. अशा वेळी मी श्रीनिवास रामानुजन यांचा अर्ज सांगतो. 9 फेब्रुवारी 1912 रोजी त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टकडे कारकुनीसाठी तो केला. मॅट्रिक झालो आहे, एफ.ए.पर्यंत शिकलो, अडचणींमुळे पुढं शिकता आलं नाही, पण सगळा वेळ गणिताला देतो आहे, हे काम मी नीट करीन. एवढाच मजकूर, आणि सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राध्यापक मिडलमास्ट यांचं शिफारसपत्र. 1 मार्चपासून रामानुजन महिना 30 रुपयांवर रुजू झाले. मला त्यातला क्रम फार मोलाचा वाटतो: अडचण एका वाक्यात, तीही रडगाणं न गाता, आणि लगेच त्या काळात काय केलं ते.

“तू त्या वर्षात काय करत होतीस?”

“गावातल्या संकलन केंद्रावर दोन्ही वेळेला दूध मोजायला जायचे.”

तेही तिनं लपवूनच ठेवलं होतं! आता ते दुसऱ्या परिच्छेदात आलं. ‘कष्टाळू’ खोडला, ‘उपरोक्त’ गेलं, पहिल्या ओळीत थेट पदाचं नाव आणि गर्बरचा अनुभव बसला. शेवटचं वाक्य मात्र तिनं मला न विचारता लिहिलं: पहाटेच्या पाळीला मी एसटीवर अवलंबून नाही, माझ्याकडे स्कूटी आहे.