वॉरंटीतला ‘पाण्याचा डाग’

फोन वॉरंटीत असतो, दुकानदार सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवतो आणि तिथला माणूस सिमच्या खाचेत टॉर्च मारून म्हणतो, ‘पाणी गेलंय, पैसे पडतील.’ बऱ्याच फोनमध्ये आत एक इवलीशी पांढरी पट्टी असते. पाणी लागलं की ती लाल किंवा गुलाबी होते. मोफत दुरुस्ती नाकारायला बहुतेकदा एवढाच पुरावा पुढे केला जातो. पण आत ओल पोचली होती, यापलीकडे ती पट्टी काही सांगत नाही. बिघाड त्या ओलीनेच झाला, की मुळात भागच सदोष होता, हा प्रश्न उरतोच.

म्हणून नकार तोंडी घेऊ नका. जॉबशीटवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, नकाराचं कारण लेखी मागा आणि फोन देण्यापूर्वी त्याचे फोटो काढा. तोच दोष पुन्हा पुन्हा उद्भवत असेल, तर दर वेळची जॉबशीट हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. ती फाडून टाकणारे महाभाग पुढे हात चोळत बसतात.

कंपनी दाद देत नसेल, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथेही जमलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. आयोग दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत देण्याचा आदेश देऊ शकतो. तक्रार करण्याची मुदत मात्र दोन वर्षांची.