कानातला मळ : कोरावा की राहू द्यावा?

आम्ही शाळेत मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. तीसेक वर्षे झाली असतील. वर्गात एक मुलगा शेवटच्या पट्टीवर बसे. हाक मारली तर ओ देत नसे. बेरीज विचारली तर भलतेच उत्तर देई. आम्हाला वाटले, पोरगा मठ्ठ आहे आणि वरून उर्मटही आहे. एक दिवस आम्हाला राग आला. आम्ही त्याचा कान धरला आणि चांगला पिळला. मुलगा रडला, पण बोलला काही नाही.

पुढे आठ दिवसांनी शाळेत आरोग्य तपासणी झाली. डॉक्टरांनी मुलाच्या कानात उजेड पाडून पाहिले. मग आम्हाला बोलावले आणि म्हणाले, "गुरुजी, याचे दोन्ही कान मळाने गच्च बुजले आहेत. याला ऐकू येणार कसे?"

डॉक्टरांनी मळ मऊ करायला थेंब दिले. पाच दिवसांनी दवाखान्यात बोलावून कान धुतले. हरभऱ्याच्या दाण्याएवढे तपकिरी खडे बाहेर आले. मुलगा दवाखान्याच्या पायरीवर आला आणि तिथेच थांबला. रस्त्याने बैलगाडी चालली होती. तो म्हणाला, "गुरुजी, घुंगरू वाजून राह्यले जी!"

आम्ही मान खाली घातली. ज्या कानाला ऐकू येत नव्हते, तोच कान आम्ही पिळला होता. त्या दिवशी आम्ही आमच्या कानाला खडा लावला. कोणाला ऐकू येत नसेल तर त्याला मठ्ठ म्हणायचे नाही. आधी त्याचा कान दाखवायचा.

म्हणून आज कानातल्या मळाविषयी चार गोष्टी सांगतो.

मळ येतो कोठून?

मळ म्हटले की आपल्याला घाण वाटते. पण कानातला मळ ही घाण नव्हे. तो शरीरच तयार करते आणि कामासाठीच करते.

कानाच्या भोकापासून आतल्या पडद्यापर्यंत जी वाट आहे, ती मोठ्या माणसात साधारण एक इंच लांब असते. या वाटेच्या बाहेरच्या भागात बारीक केस असतात. तिथल्या कातडीतून तेलकट, चिकट रस पाझरतो. त्यात झडलेली कातडी आणि धूळ मिसळते. झाला मळ तयार.

शेताला काट्याचे कुंपण असते ना? तसे हे कानाचे कुंपण आहे. धूळ आणि चिलटे मळाला चिकटतात, आत जात नाहीत. तेलकटपणामुळे पाणी कातडीत मुरत नाही. जंतूंनाही आळा बसतो. ज्याच्या कानात मळ मुळीच नाही, त्याचा कान कोरडा पडतो आणि खाजतो.

आणखी एक नवल ऐका. कान आपला आपणच साफ होतो. कानाच्या आतली कातडी फार हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकत असते. ती मळालाही सोबत आणते. आपण भाकर चावतो, बोलतो, तेव्हा जबडा हलतो. त्यानेही मळ पुढे सरकतो. शेवटी तो वाळून बाहेर गळून पडतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

मग मळ अडतो कशाने?

काही लोकांची कानाची वाट जन्मापासून अरुंद असते. म्हातारपणी मळ कोरडा आणि टणक होतो. ऐकण्याचे यंत्र लावणाऱ्यांच्या कानातही मळ अडून राहतो. पण एक मोठे कारण आपल्याच हातात असते. ते म्हणजे काडी!

कान खाजला की आपण काय करतो? पऱ्हाटीची काडी घेतो. आगकाडी घेतो. बाया डोक्यातला आकडा काढतात. कोणी किल्ली घालतो. शहरात कापूस गुंडाळलेल्या काड्या विकत मिळतात, त्याही त्यातल्याच. काडीला थोडा मळ लागला की वाटते, कान साफ झाला. खरे पाहता थोडा मळ बाहेर आला आणि बाकीचा आत लोटला गेला. जिनात कापूस दाबून दाबून गाठ बांधतात. तशी काडीने मळाची गाठ बांधली जाते. मग ती आपोआप बाहेर येत नाही.

शिवाय आतला पडदा फार पातळ असतो. काडी घातली असताना कोणाचा धक्का लागला, तर पडद्याला भोक पडते. कान वाहू लागतो. कायमचे कमी ऐकू येण्याची पाळीही येते.

बाजारात किंवा एसटी स्टँडवर कान कोरून देणारे भेटतात. त्यांच्यावर आमचा राग नाही, त्यांनाही पोट आहे. पण एकच सळई दहा जणांच्या कानात जाते. आत काय आहे हे नीट दिसत नाही. आपला कान त्यांच्या हाती देऊ नये.

मळ अडला हे ओळखावे कसे?

कान दडा बसल्यासारखा वाटतो. कमी ऐकू येते. कानात गुणगुण होते. खाज सुटते. कधी दुखते, कधी चक्कर येते. कोणाला नुसता खोकलाही येतो. पुष्कळदा नदी-विहिरीत पोहल्यावर किंवा डोक्यावरून अंघोळ केल्यावर कान एकदम बंद होतो. आतला मळ पाण्याने फुगतो, म्हणून असे होते.

घरात म्हातारे माणूस असेल तर विशेष लक्ष ठेवा. आजोबांना हाक ऐकू जात नाही. सून दोनदा बोलते, तिसऱ्यांदा चिडते. आजोबांना वाटते, आपल्याशी कोणी बोलत नाही. मग ते ओसरीवर एकटे बसून राहतात. घरात विनाकारण अबोला धरतो. कधी कधी दोष ना सुनेचा असतो ना आजोबांचा. तो असतो कानातल्या खड्याचा!

उपाय काय?

कान बंद वाटत नसेल, दुखत नसेल, तर काहीच करू नका. कानाची पाळी आणि बाहेरचा भाग ओल्या फडक्याने पुसला की झाले.

कान बंद वाटत असेल तर मळ मऊ करावा लागतो. त्यासाठी औषधाच्या दुकानात थेंब मिळतात. स्वच्छ खोबरेल तेलही चालते. आधी आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे. एका कुशीवर निजावे. बंद कान वर करावा. त्यात दोन-तीन थेंब टाकावे. पाच ते दहा मिनिटे तसेच पडून राहावे. मग उठून बाहेर आलेले तेल पुसून घ्यावे. असे दिवसातून तीन वेळा, तीन ते पाच दिवस करावे. पहिल्या दिवशी कान जास्तच बंद झाल्यासारखा वाटेल. घाबरू नका, मळ फुगलेला असतो. पुढे दोन आठवड्यांत तो बहुधा आपोआप बाहेर येतो.

तेल कधीही गरम घालू नये. लसूण कढवलेले कडक तेल, दूध, पाल्याचा रस, गोमूत्र यांतले काहीही कानात घालू नये. रोज तेल घालण्याची सवयही बरी नाही. ओल्या कानात बुरशी धरते.

थेंबांनी भागले नाही तर दवाखाना गाठावा. डॉक्टर कानात उजेड पाडून पाहतात. मग कोमट पाण्याने धुतात, किंवा यंत्राने मळ ओढून घेतात, किंवा बारीक चिमट्याने काढतात. बहुधा थोड्या मिनिटांचे काम असते. घरी पिचकारी मारू नये. पाणी फार थंड किंवा फार गरम झाले तर गरगरून चक्कर येते.

थेंबही टाकू नयेत असे कान

ज्याचा कान वाहतो किंवा पूर्वी वाहिला आहे, ज्याच्या पडद्याला भोक आहे, ज्याच्या कानाचे ऑपरेशन झाले आहे, त्याने घरी काहीच घालू नये. कानातून पू किंवा रक्त येत असेल, ताप असेल, फार ठणकत असेल, तर सरळ दवाखान्यात जावे. मधुमेह असेल तर जास्तच जपावे. एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ते दरवेळी मळानेच होते असे नाही, आणि उशीर झाला तर नुकसान होते.

लहान मुले खेळता खेळता कानात तुरीचा नाहीतर हरभऱ्याचा दाणा घालतात. अशा वेळी कानात पाणी मुळीच टाकू नका. दाणा फुगून घट्ट बसतो. मुलाला तसेच दवाखान्यात न्या.

जावे कोठे?

आधी गावच्या आशाताईंना विचारा. नंतर प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे झाले नाही तर अमरावतीचा सरकारी इर्विन दवाखाना आहे. अकोल्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचे आहे, असे तिथे सांगावे.

शेवटी एक सांगतो. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले. १८७६ साली शेंडगावला जन्मले, १९५६ साली वारले. जन्मभर हाती खराटा घेऊन त्यांनी गावे झाडली. आपणही अंगण झाडावे, गल्ली झाडावी. पण कानात मात्र खराटा चालवू नये!

लक्षात ठेवा :
१. कानातला मळ कानाची राखण करतो.
२. कानात काडी, आकडा, किल्ली घालू नये.
३. गरम तेल घालू नये.
४. वाहत्या कानात काहीच टाकू नये.
५. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यावर चिडू नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावे.